सर्व्हर रूमची गरमी कुणाच्या घरात

लोअर परळच्या एका ऑफिसात सर्व्हर रूमचा एसी पुन्हा ट्रिप झाला, तेव्हा कंपनीचे सीईओ वरच्या मजल्यावर ‘झिरो एंट्रॉपी वर्कप्लेस’ या विषयावर स्टाफला भाषण देत होते. मी एसी कन्सल्टंट. मला तातडीने बोलावलं.

एसी ठणठणीत होता. पण मागच्या भिंतीवरची आउटडोअर युनिट्स, म्हणजे खोलीतली उष्णता बाहेर फेकणारी यंत्रं, हिरवी पानं छापलेल्या पत्र्यांनी चहूबाजूंनी बंद केलेली. बिचारी स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत होती.

“हे कुणाचं डोकं?”

फॅसिलिटी मॅनेजर शेट्ये हळूच म्हणाले, “समोरच्या चाळीतून कंप्लेंट होती, मॅडम. कांबळेकाकांची बायपास झालीय. गरम झोत थेट त्यांच्या खिडकीत. सर म्हणाले, झाकून टाका.”

तेवढ्यात सीईओ आले. “इथे आम्ही एंट्रॉपी झिरो करतोय आणि तुमचा एसी बंद?”

“सर, एंट्रॉपी म्हणजे ढोबळमानाने ऊर्जेचं विखुरणं. ती संपवता येत नाही, बाहेर टाकत राहावी लागते. वीज आत, उष्णता बाहेर. हा ओघ चालू आहे तोवरच खोली थंड. ओघ थांबला की आतबाहेर सगळं सारखं होतं. त्याला साम्यावस्था म्हणतात. फार शांत असते. सर्व्हरही शांत होतात.”

शेट्ये उगाच खोकले.

“सोल्यूशन सांगा.”

“युनिट्स गच्चीवर न्या.”

“गच्चीवर मेडिटेशन डेक आहे! लोकांना गरम हवा लागेल.”

“कांबळेही लोकच आहेत, सर.”

“बघू,” सर म्हणाले. दुपारी परदेशी क्लायंटसमोर अख्खी सिस्टिम बसली. मग मात्र बघण्यात वेळ गेला नाही. त्याच आठवड्यात युनिट्स वर गेली आणि मेडिटेशन कॉन्फरन्स रूममध्ये आलं.

काम झाल्यावर मी चाळीत गेले. काका गाढ झोपले होते. काकूंनी चहा दिला.

“आता बरंय गं. पण आम्ही वर्षभर घसा फोडला, तेव्हा नुसते पत्रे ठोकले. त्यांचं मशीन बंद पडलं तर लगेच वर हलवलं?”

मी चहा प्यायले.

हल्ली नवीन ऑफिसचं काम आलं की मी रिसेप्शनच्या सोफ्यावर बसत नाही. आधी मागच्या गल्लीत चक्कर मारते. आतल्या गारव्याची झळ कुणाला लागतेय, ते तिथेच कळतं.