निरोपाची वेळ

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एसटीडी बूथ होता. नव्वदच्या दशकात माझ्याकडे फोन नव्हता, त्यामुळे गारगोटीहून घरचे फोन तिथंच येत. बूथवाले फोन आल्याची वेळ बॉलपेननं तळहातावर लिहीत आणि रस्त्यातूनच ओरडत, “सर, धा वाजून ईस! आई बऱ्या हायत!” वेळ आधी, निरोप मागून. यात कधी बदल नाही.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचो. एकदा लाइन लागेना, तेव्हा वेळ जावा म्हणून त्यांना सांगितलं, की प्रकाशापेक्षा जास्त वेगानं निरोप धाडता आला, तर तो पाठवण्याआधीच पोचेल, असंही घडवता येईल.

त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला. “म्हंजे माणूस पडायच्या आधीच पडल्याचा फोन?”

“हो.”

“मग त्येला धरायचा की! आन धरल्यावर त्यो पडलाच न्हाय, तर फोन कुणी केला?”

“म्हणूनच बहुतेक शास्त्रज्ञ म्हणतात, तसा वेग शक्य नाही.”

“बरोबर हाय त्येंचं,” म्हणत त्यांनी पुन्हा नंबर फिरवायला घेतला.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी ते न ओरडता थेट दारात आले. चपला काढल्या.

“सर, नऊ वाजून पाच,” म्हणाले आणि थांबले. मी निरोपाची वाट बघत राहिलो. त्यांनी तळहात पँटला पुसला. आकडे गेले नाहीत.

“आई मागच्या दारात पाय घसरून पडल्या. गेल्या.”

मग खाली बघत म्हणाले, “सर, त्यो आधी येणारा फोन खरंच जमत न्हाय व्हय?”