चार वाजताचं मनगट

माझी नात सेंटच्या दुकानात कामाला लागली तेव्हा घरात कोणालाच फारसा आनंद झाला नाही. माझ्या मुलाला वाटत होतं, पोरीने बँकेची परीक्षा द्यावी. मला वाटत होतं, दिवसभर उभं राहायचं काम, पाय सुजतील. तिने आम्हा दोघांचंही ऐकलं नाही. लालबागच्या आमच्या चाळीपासून पंचवीस मिनिटं चालत गेलं की गिरणी पाडून बांधलेला मॉल आहे, त्यात ते दुकान. तीन महिने कच्ची नोकरी, मग कायम.

दुकानाची एक पद्धत होती. सकाळी अकराला प्रत्येक मुलीने दुकानातल्या ठरलेल्या बाटलीतून मनगटावर दोन फवारे मारायचे. सेंट टिकतो का, असं कोणी विचारलं की मनगट पुढे करायचं. दुपारी चारला वरची मॅडम येऊन सगळ्यांची मनगटं हुंगून बघायची.

मी विचारलं, "परके पुरुषही हात हुंगतात?"

"नाही गं आजी. त्यांना कागदाच्या पट्टीवर मारून देतो. तू कुठल्या काळात आहेस?"

"ह्याच. म्हणून विचारलं."

बाकीच्या मुलींच्या हाताला चार वाजता वास असायचा. हिच्या हाताला काही नाही. मॅडमने दोनदा समज दिली. तिसऱ्यांदा सगळ्यांसमोर म्हणाली, "तू लावतच नाहीस. मग तुझ्या काउंटरची बाटली रिकामी कशी होते?" त्या दिवसापासून घरी निघताना एकट्या हिची बॅग उघडून बघायला लागले. जेवणाचा डबासुद्धा उघडायचे.

हे तिने आठवडाभर घरात सांगितलं नाही. रिकाम्या डब्याचं झाकण रोज वाकडं लागलेलं यायचं, म्हणून मीच विचारलं. तेव्हा बोलली. रडली नाही, ते बरं केलं.

मुलगा म्हणाला, "उद्यापासून जाऊ नकोस."

"आता सोडली तर चोर ठरेन, पप्पा."

ते बरोबर होतं. 

कामावर घेताना दुकानाने तिला त्याच सेंटची एक छोटी कुपी दिली होती. मी म्हटलं, "लावून दाखव." तिने फसफस मारलं आणि लगेच एक मनगट दुसऱ्यावर खसाखसा चोळलं.

"हे चोळायचं कोणी शिकवलं?"

"तूच!"

खरं होतं. आमच्या मजल्यावर संक्रांतीचं हळदीकुंकू असलं की अत्तरदाणी माझ्या हातात असायची. बाया ओळीने बसायच्या. मी प्रत्येकीच्या पंज्याच्या मागे अत्तराची काडी टेकवायची, आणि तिने दुसऱ्या हाताचा मागचा भाग त्यावर घासायचा. दोन्ही हात वासाचे होतात, म्हणून. ही तेव्हा पाच-सहा वर्षांची. हात पुढे करून बसायची, आणि घासली नाही तर मीच तिचे दोन्ही हात धरून घासायची. पण अत्तर तेलकट असतं, घासलेलं सोसतं. हा सेंट म्हणजे इंजेक्शनच्या आधी लावतात त्या स्पिरिटसारखा, हाताला गार लागून उडून जाणारा. तो घासला की आणखी लवकर उडणार. मला त्यातलं शास्त्र येत नाही. पण चूक माझ्याकडून गेली होती, एवढं कळलं.

सोमवारी तिची सुट्टी होती. आंघोळ झाल्यावर दोन्ही मनगटांवर मारायला लावलं. एकावर नुसतं, दुसऱ्यावर आधी खोबरेल तेलाचं बोट फिरवून. "चोळशील तर फटका मारीन," म्हटलं. दर तासाने मी हुंगत होते. दुपारपर्यंत माझ्या नाकाला काही कळेनासं झालं, म्हणून चारला समोरच्या खोलीतल्या मालवणी बाईला बोलावलं.

ती दारातूनच म्हणाली, "काय गो, चेडवाक बघूक कोण येतत काय?"

"पोरीला बघायला कोणी येत नाही. हात हुंग आणि खरं सांग."

तिने एक हात हुंगला. "ह्याका कायच वास नाय." दुसरा हुंगला. "ह्याका येता वास. पण गो, सोलकढी केलंस की काय?"

नात हसत सुटली. मला हसू आलं नाही. वास टिकला होता, पण खोबरेल वरचढ झालं होतं, आणि असं मनगट मॅडमपुढे करून भागणार नव्हतं. पण एक धडा मिळाला. ओशट कातडीवर सेंट थांबतो, कोरड्यावर थांबत नाही.

मग तिचे हात नीट बघितले. कोपरापर्यंत पांढुरके, नखाने रेघ ओढली तर उमटावी असे. सकाळी सगळ्या घराची भांडी घासून ती कामावर जायची. त्या साबणाने माझे हात कधीच गेले, तिचे आता चालले होते. मी म्हटलं, "उद्यापासून भांडी मी घासते."

"तुझे गुडघे?"

"गुडघ्याने घासतात का भांडी? माझा हात हुंगायला कोणी येत नाही."

मंगळवारी सकाळी टाचांना लावायची पेट्रोलियम जेली काढली, बिनवासाची. वाटाण्याएवढी दोन्ही मनगटांना चोपडून दिली. डबी बरोबर दिली. अकराला परत पुसटशी लाव, त्यावर फवारा मार, आणि मग हात तसेच सोड, असं बजावलं.

संध्याकाळी आली ती चप्पल न काढताच सांगायला लागली. मॅडमने एक हात हुंगला, मग दुसरा. मग पुन्हा पहिला. आणि पुढच्या मुलीकडे गेली. मी विचारलं, "आणि बॅग?"

"उघडली."

पाच दिवस असंच चाललं. हात हुंगायचे, वास यायचा, आणि बॅगही उघडायचे. रविवारी मॅडमने तिला बाजूला घेऊन विचारलं, तू काय करतेस ते बाकीच्या मुलींना दाखवशील का. ही हो म्हणून आली.

"चोरीचं बोलली होती त्याबद्दल काही बोलली का?"

"जाऊ दे गं, आजी."

"जाऊ दे कशाला? सगळ्यांसमोर बोलली ना? मग तपासणीही सगळ्यांसमोर बंद कर म्हणावं. नंतर शिकव."

"आणि काढून टाकलं तर?"

"तर घरी ये. पण चोर म्हणून येणार नाहीस."

 मलाही खात्री नव्हती. पोरीची नोकरी माझ्या तोंडामुळे गेली असती तर मुलाने मला आयुष्यभर ऐकवलं असतं, आणि त्यात त्याचं काही चुकलं नसतं.

मंगळवारी दुपारी मुलींना एकत्र उभं केल्यावर ती मॅडमला म्हणाली, "मॅडम, आधी माझ्या बॅगेचं सांगा." एवढंच. मॅडमचा चेहरा उतरला, असं तिचं म्हणणं. मग मॅडमने सगळ्यांसमोर दारावरच्या माणसाला बोलावून सांगितलं, हिची बॅग बघायची नाही. माफी मागितली नाही. तशी माणसं माफी मागत नाहीत.

मग हिने डबी काढली आणि एकेकीच्या मनगटाला जेली लावून दिली. त्यातल्या एकीने फवारा मारल्या मारल्या हात चोळला.

नात म्हणाली, "मी तिला फटका मारला."