माझंच बोट लागलं

माझी पहिली रायफल सेकंडहँड होती. पॉइंट टू-टू, बोल्ट-ॲक्शन. म्हणजे प्रत्येक गोळीनंतर बोल्टची मूठ हाताने उचलून मागे ओढायची, रिकामं काडतूस बाहेर पडलं की नवं घालायचं आणि बोल्ट पुढे ढकलून बंद करायचा. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते आणि कॉव्हेंट्रीतल्या एका हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करत होते. कॉलेजात छात्रसेनेच्या सतरंजीवर पालथं पडून झाडलेल्या पंधरा-वीस गोळ्या सोडल्या, तर मला या विषयातलं काही म्हणजे काही येत नव्हतं.

नवऱ्याला ते खूळ वाटलं. "अगं, योगा कर. नाहीतर लायब्ररीत विणकामाचा ग्रुप आहे, तिथे जा." पण परवान्याच्या चौकशीला पोलीस अधिकारी घरी आल्या तेव्हा चहा त्यानेच केला, आणि जिन्याखाली भिंतीत पक्कं बसवलेलं लोखंडी कपाटही त्यानेच उघडून दाखवलं. इथेच जन्मलेली माझी मुलगी म्हणाली, "आई, तुझा बंदूक मी बघू?"

"तुझी बंदूक," मी म्हटलं. "आणि नाही."

फार्मसीत दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या असतात. डोस बरोबर आहे का, दोन औषधं एकमेकांशी भांडणार नाहीत ना, मिलिग्रॅमच्या जागी मायक्रोग्रॅम तर नाही ना. घरी आल्यावरही डोकं तेच करत राहायचं. नेम धरताना मात्र ते थांबायचं. श्वास अर्धा सोडला की समोरच्या काळ्या गोलाखेरीज काही उरत नसे. मला तेवढंच हवं होतं.

क्लब गावाबाहेर होता, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या क्रीडांगणामागे. पत्र्याचं छप्पर, एक गॅस हीटर आणि पन्नास मीटरवर वाळूचा बांध. मागच्या बाजूला एक लांब टेबल होतं आणि शनिवारी दुपारी त्या टेबलाशी एक म्हातारे गृहस्थ बसलेले असत. मोटारींच्या कारखान्यात त्यांनी चाळीस वर्षं टूलमेकर म्हणून काम केलं होतं. क्लबातल्या कुणाचीही रायफल कुरकुरली की ती त्यांच्यापुढे यायची. सगळे त्यांना नावाने हाक मारत. मला ते जमेना, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना काका म्हणायचे.

पहिल्याच शनिवारी मी इंटरनेटवरून उतरवलेली यादी घेऊन त्यांच्याकडे गेले. नवी दुर्बीण, नवा दस्ता, नवी नळीसुद्धा. त्यांनी यादी शेवटपर्यंत वाचली, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली.

"आधी ही तुझ्या मापाची करू," ते म्हणाले. "तेवढ्याने भागलं नाही तर मग दुकानात जा."

पुढचे तीन-चार महिने मी शनिवारची वाट बघत काढले. दस्त्याच्या टोकाला रबराच्या पट्टीखाली लाकडाच्या दोन चकत्या होत्या, त्या त्यांनी काढल्या. माझे हात आखूड, त्यामुळे इतके दिवस मी मान ताणून दुर्बिणीत बघत होते हे मला तेव्हा कळलं. गाल टेकायला उंची कमी पडत होती. त्यासाठी कॅम्पिंगच्या फोमच्या चटईचे तुकडे कापून एकावर एक ठेवले आणि फार्मसीतून आणलेल्या चिकट बँडेजने गुंडाळले. दस्त्याला नळी धरून ठेवणारे दोन स्क्रू ढिले होते. ते दर वेळी सारखेच आवळायचे, कमी नाही की जास्त नाही, हे त्यांनी माझ्याकडून वीस वेळा करून घेतलं. दस्त्याखाली ठेवायला वाळूची पिशवी शिवून आण म्हणाले. वाळू कुठे शोधत बसू, म्हणून मी मुलीच्या जुन्या जीन्सच्या पायात साबुदाणा भरून नेला. ती पिशवी त्यांनी हातात दाबून पाहिली, कानाशी नेऊन हलवली.

"हे काय आहे?"

"आम्ही उपासाला खातो."

"वाळूपेक्षा बरं बसतंय," ते म्हणाले, आणि पुढच्या आठवड्यात स्वतःसाठी एक शिवून मागितली.

पूर्वी माझ्या गोळ्या कागदभर विखुरलेल्या असत. आता त्या चहाच्या कपाएवढ्या जागेत पडू लागल्या, आणि काही दिवसांनी त्याहून लहान जागेत. कागद घरी नेऊन मी फ्रिजवर लावला. नवऱ्याने त्याच्यावर बोट फिरवलं.

चाप त्यांनी शेवटी ठेवला होता. माझ्या रायफलीचा चाप जड होता, ओढताना नेम हलायचा. तो हलका करायला बनवणाऱ्यानेच आत एक छोटा स्क्रू दिलेला असतो, पण तो किती फिरवायचा याला मर्यादा असते; फार फिरवला तर चापाला हात न लावताही गोळी सुटू शकते. एका शनिवारी त्यांनी ते काम केलं. मग काडतूस न घालता बोल्ट मागे-पुढे केला आणि दस्ता रबरी मॅटवर तीन-चारदा जोरात आपटला. खटका आपोआप सुटला नाही.

"हे न करता कुणी चाप परत दिला, तर त्याच्याकडून रायफल घेऊ नकोस," ते म्हणाले.

पुढच्या शनिवारी मी आत आले, तर त्यांनी टेबलावर कापड पसरून ठेवलं होतं.

"चल, आज तुझा चाप बघू."

"गेल्या आठवड्यात केलात की तुम्ही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अगदी क्षणभरच, पण तेवढ्यात त्यांचा चेहरा कोरा झाला होता. लगेच ते हसले. "माहीत आहे. पुन्हा एकदा तपासतो."

मी रायफल त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी स्क्रूड्रायव्हर लावला, फिरवला, थांबले, पुन्हा फिरवला. मग कापडाने नळी पुसली आणि रायफल माझ्या हातात दिली. मॅटवर आपटून पाहिली नाही. ते मला दिसलं होतं. आज इतक्या दिवसांनीही मी स्वतःला असं सांगू शकत नाही की ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण ज्यांनी मला सगळं शिकवलं, त्यांना चार लोकांसमोर कसं विचारायचं, या संकोचात मी रायफल उचलली आणि फायरिंग पॉइंटवर गेले.

आडवी झाले. काडतूस घातलं. बोल्ट पुढे ढकलून मूठ खाली केली आणि गोळी सुटली.

माझं बोट चापापासून लांब होतं. नळी समोर बांधाकडेच होती, गोळी लक्ष्याच्या वर वाळूत घुसली. कुणाला काही झालं नाही. शेजारच्या मॅटवरच्या माणसाने मान वळवली. रेंजची जबाबदारी त्या दिवशी क्लबच्या सेक्रेटरीबाईंवर होती. त्यांनी "थांबा!" अशी आरोळी दिली आणि सगळ्या रायफली रिकाम्या करून खाली ठेवायला लावल्या. मग त्या माझ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"काय झालं?"

मी मागे पाहिलं. काका टेबलाशी उभे होते. हातातलं कापड त्यांनी छातीशी धरलं होतं.

"माझंच बोट लागलं," मी म्हणाले.

सेक्रेटरीबाईंनी वहीत तसं लिहिलं. पुढचा महिनाभर कुणीतरी शेजारी असल्याशिवाय मी झाडायचं नाही, असं ठरलं. मी मान डोलावली. घरी जाताना गाडीत मला वाटत होतं की मी काहीतरी चांगलं केलं आहे. एका म्हाताऱ्या माणसाची अब्रू राखली आहे.

सोमवारी फार्मसीत नव्या मुलीच्या हातून एक चूक झाली. लेबल चुकीचं लागलं होतं, पण औषध खिडकीतून बाहेर जाण्याआधी सापडलं. ती रडायला लागली. "कुणाला काहीच झालं नाही ना? मग फॉर्म भरायलाच हवा का?"

मी तिला नेहमीचं सांगायला सुरुवात केली. कुणाला काही झालं नाही, म्हणूनच भरायचा, पुढच्या वेळी होऊ नये म्हणून. वाक्य निम्म्यावरच सोडून मी फॉर्म तिच्यापुढे सरकवला. तिला वाटलं मी तिच्यावर चिडले.

त्या शनिवारी मी रायफल घरीच ठेवून क्लबात गेले. टेबलाशी एक नवीन सभासद उभी होती, एका शाळेत शिकवणारी तरुण बाई. तिची कोरी रायफल काकांच्या पुढ्यात होती आणि त्यांच्या हातात तो बारीक स्क्रूड्रायव्हर होता.

"थांबा," मी म्हणाले. माझ्या अपेक्षेपेक्षा ते मोठ्याने निघालं. "त्याआधी मला तुमच्याशी बोलायचंय. बाहेर."

बाहेर झिमझिम होती. आम्ही त्यांच्या गाडीत बसलो. काच धुरकट झाली. मी काय बोलायचं ते पाठ करून आले होते, पण त्यातलं काही आठवलं नाही.

"माझं बोट लागलं नव्हतं," मी म्हणाले.

"मला माहीत आहे." ते समोर बघत होते. "तू खोटं का बोललीस?"

"तुमच्यासाठी."

"मला नको होतं ते," ते म्हणाले. मग त्यांनी काचेवर बोटाने एक रेघ ओढली, पुसली, पुन्हा ओढली. "बायकोने स्वयंपाकघरातल्या कपाटांवर चिठ्ठ्या लावल्यात. कप इथे, साखर इथे. मी म्हटलं, घरातलं विसरेन, पण हात विसरणार नाहीत. हातांना सगळं येतं." त्यांनी स्वतःचे हात मांडीवर उलटे ठेवले. "तो स्क्रू मी किती फिरवला, ते मला त्या क्षणीच आठवत नव्हतं. आणि तुला विचारायची लाज वाटली."

मला विचारायचा संकोच वाटला होता आणि त्यांना लाज वाटली होती. त्या दोन गोष्टींच्या मधून ती गोळी गेली होती.

"सेक्रेटरीला तू सांगणार की मी?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही सांगा. मी बरोबर येते."

त्यांनी सांगितलं. उभं राहून, टोपी हातात घेऊन, फाटे न फोडता. मग मी माझं सांगितलं. सेक्रेटरीबाईंनी वहीतली जुनी नोंद खोडली नाही, तिच्याखाली नवी लिहिली आणि दोघांच्या सह्या घेतल्या. काकांशी त्या फार मायेने बोलल्या. माझ्याशी बोलल्या नाहीत. कमिटीने मला तीन महिन्यांसाठी क्लबातून निलंबित केलं. चूक झाली म्हणून नव्हे, खोटं सांगितलं म्हणून, असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. नवऱ्याने ते पत्र वाचलं आणि म्हणाला, "बरोबर केलं त्यांनी." मलाही तसंच वाटत होतं.

काकांनी स्वतःच फॅमिली डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली आणि स्वतःच पोलिसांना फोन करून परवाना परत करायचा आहे असं सांगितलं. त्यांच्या तीन रायफली न्यायला परवानाधारक दुकानदार येणार होता, त्या दिवशी त्यांच्या बायकोने मला बोलावलं. आतापर्यंत मी त्यांना भेटलेच नव्हते. बारीक, ताठ बाई, पांढरे केस कानामागे घट्ट बसवलेले.

दुकानदार भला माणूस होता. एकेक रायफल तपासून तिचा नंबर तो मोठ्याने वाचायचा आणि काका कागदावर ताडून बघायचे. तीनही नंबर बरोबर होते. त्यांनी सही केली. गाडी वळून गेल्यावर ते मागच्या बागेत निघून गेले आणि मोकळ्या वाफ्यात उगीचच कुदळ मारत राहिले.

मी आणि त्यांची बायको स्वयंपाकघरात उभ्या होतो. कपाटांवर खरंच चिठ्ठ्या होत्या, निळ्या शाईत, मोठ्या अक्षरात.

"दोन दिवस तुझ्यावर रागावले होते," त्या म्हणाल्या. "मग तिसऱ्या दिवशी विसरले असतील, किंवा माफ केलं असेल. मला आता ते वेगळं ओळखता येत नाही."

"मी तेव्हाच बोलायला हवं होतं," मी म्हणाले. "चाप दुसऱ्यांदा करायला घेतला, तेव्हाच."

त्यांनी किटलीत पाणी भरलं, पण चालू केली नाही.

"मला हिवाळ्यातच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "आणि तरी दर शनिवारी मी त्यांना डबा भरून देत होते. तेवढे चार तास ते पूर्वीसारखे असत. घरी आले की सांगत, आज अमुक केलं, तमुक दुरुस्त केलं. मला ते चार तास सोडवत नव्हते. कुणाला काही झालं असतं तर?"

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो राहू दिला. खिडकीतून काका दिसत होते. माती उकरून झाली होती. आता त्यात काय लावायचं होतं ते आठवत ते कुदळीला रेलून उभे होते, आणि आम्हा दोघींपैकी एकीने बाहेर जाऊन त्यांना विचारायला हवं होतं.

"मी जाते," त्या म्हणाल्या आणि दार उघडून बागेत गेल्या.