दुधात विरघळणारा टोस्ट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला मधेमधे थांबावं लागणार नाही. किस्सा माझ्याच फजितीचा आहे आणि तो मीच सांगितलेला बरा. आमच्या हिच्या तोंडून ऐकलात, तर त्यात मी आहे त्याच्या दुप्पट मूर्ख निघतो.

तर मी निवृत्त गणिताचा मास्तर. जन्मभर शाळेत परीक्षेचं पर्यवेक्षण केलं. कॉपी करणारा मुलगा मी पाठमोरा ओळखायचो! मान किती वळली की चिठ्ठी मोज्यात आणि किती वळली की बाहीत, हे मला पाठ होतं. निवृत्तीनंतर पेठेतून हडपसरला मुलाच्या फ्लॅटवर राहायला आलो, पण नजर काही निवृत्त झाली नाही.

घरात माणसं मोजकीच. मी, आमची ही म्हणजे शैला, मुलगा मंदार, सून ऋतुजा, आणि सहा महिन्यांची नात ओवी.

ओवीचं उष्टावण करायचं ठरलं. बाळाचा पहिला घास! मामानं मांडीवर घ्यायचं, खिरीत सोन्याची अंगठी बुडवायची आणि बाळाच्या जिभेला लावायची. आता ऋतुजाचा भाऊ विशाल फौजेत, पार तिकडे सीमेवर. वडील लवकर गेले, तेव्हा त्यानंच बहिणीला शिकवलं, लग्न लावून दिलं. बिचाऱ्याला बारशाला रजा मिळाली नव्हती.

"बाबा, पहिला घास दादाच्याच हातचा हवा हं," ऋतुजा मला म्हणाली, आणि बोलता बोलता तिचे डोळे भरून आले.

विशाल यायला तीन आठवडे होते. डॉक्टर म्हणाले, तेवढं थांबायला हरकत नाही. पण आमचं घर थांबणाऱ्यांचं आहे का? ही येताजाता म्हणणार, "वरणाचं पाणी बोटभर चाटवलं तर काय बिघडतं?" मंदार आंबा खाताना कोय बाळाच्या नाकासमोर नाचवणार. म्हटलं, इथे पर्यवेक्षकाची गरज आहे.

लगेच कागद घेतला, लाल शाईचं पेन घेतलं आणि फ्रिजवर सूचना लावली.

"उष्टावण होईपर्यंत ओवीस कोणीही, काहीही, कितीही थोडे भरवू नये. भरवणाऱ्यास उष्टावणाच्या पंगतीत पान वाढले जाणार नाही. नातेसंबंध सांगू नयेत."

हिनं वाचलं. "खाली शाळेचा शिक्का राहिला," एवढंच म्हणाली आणि दूध तापवायला गेली.

आता माझा सकाळचा क्रम सांगतो, कारण तो पुढे महत्त्वाचा आहे. पित्तामुळे माझा चहा बंद. सकाळी एक कप दूध आणि दोन वेलचीचे टोस्ट. डाव्या हाताच्या कवेत मांडीवर ओवी, समोर टेबलावर पेपरातलं शब्दकोडं, उजव्या हातात टोस्ट. टोस्ट दुधात बुडवायचा, आडवा-उभा शब्द आठवायचा आणि मग खायचा. साधी गोष्ट आहे, नाही?

पण त्या सुमारास एक विचित्र प्रकार सुरू झाला. शब्द आठवून टोस्ट तोंडाशी न्यावा, तर टोस्ट अर्धाच! उरलेला गायब. म्हटलं, काय माल द्यायला लागलेत हल्ली. दुधात धरला की विरघळतो! मी गणिताचा मास्तर. विज्ञानाचा असतो, तर निदान कपात गाळ आहे का ते तरी बघितलं असतं.

तडक कोपऱ्यावरच्या बेकरीत गेलो. मालक अंगानं आडवे आणि बोलायला तिखट.

"तुमचे टोस्ट विरघळतात," मी म्हणालो.

"साखर नाही ती."

"अहो, बुडवला की अर्धा नाहीसा होतो!"

"मग कुणीतरी खात असेल."

"माझ्या हातातला? मला काय आंधळा समजलात?"

त्यांनी माझ्या चष्म्याकडे शांतपणे पाहिलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला पाव दिला. हा अपमान मी गिळला नाही. घरी येऊन त्यांना दोन पानी तक्रारअर्ज लिहिला, वर स्वतः नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी बेकरीच्या काचेवर पाटी लागली होती. "आमचे टोस्ट विरघळत नाहीत. घरी तपासावे."

इकडे घरात त्याहून गंभीर प्रकरण उभं राहिलं. एके दिवशी ओवीच्या झबल्यावर मला तपकिरी चुरा दिसला. हातात घेतला, चोळला, वास घेतला. वेलची! म्हणजे कुणीतरी बाळाला चोरून भरवत होतं. माझी सूचना डोळ्यांसमोर लटकत असताना!

मी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं.

"कोणी केलं हे? आत्ता सांगितलं तर शिक्षा कमी होईल."

"बाबा, मी ऑफिसात असतो हो दिवसभर," मंदार म्हणाला.

"दिवसभर. पण सकाळी?"

"सकाळी झोपलेला असतो."

हे खरं होतं. ऋतुजावर संशय घेणं शक्यच नव्हतं. राहिलं कोण? मी हिच्याकडे पाहिलं. बरोबर तसंच पाहिलं, जसं मी तिसऱ्या बाकावरच्या मुलांकडे पाहायचो.

"माझ्याकडे काय बघताय?"

"शैला, वरणाच्या पाण्याचा विषय कोण काढत होतं?"

झालं! ती उठली, ओवीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "आजपासून तुमची नात तुम्हीच सांभाळा. मी तिला हातसुद्धा लावत नाही. मग तरी खात्री पटेल ना?"

तेव्हापासून ओवी सकाळभर माझ्याकडे. कडक पहारा! एक टोस्ट विरघळतो म्हणून मी आता चार घेऊन बसायला लागलो. आणि गंमत बघा, जितका पहारा कडक, तितका चुरा जास्त. झबल्यावर चुरा, गळ्याच्या वळीत चुरा, एकदा तर कानात चुरा! मी मनातल्या मनात त्या अज्ञात गुन्हेगाराला दाद दिली. इतका सराईत कॉपीबहाद्दर सगळ्या नोकरीत भेटला नव्हता.

तुम्ही ओळखलंत ना? ओळखलंच असणार. मला मात्र तीन आठवडे कळलं नाही.

उष्टावणाचा रविवार उजाडला. विशाल आदल्या दिवशीच आला होता. उंचापुरा, मिशीवाला. ओवीला पाहिलं आणि या गड्याचे डोळे पाणावले. "काका, फोटोत बघत होतो नुसती. लई गोड हाय वो!" त्यानं ओंजळीत चांदीची वाटी आणली होती, भाचीसाठी. मला एकदम भरून आलं. म्हटलं, पंधरवडाभर बायकोचा अबोला सोसला, पण या माणसाचा मान राखला!

पाट मांडला. औक्षण झालं. विशालनं ओवीला मांडीवर घेतलं, अंगठी खिरीत बुडवली आणि तिच्या ओठांशी नेली.

ओवीनं तोंड गच्च मिटलं.

"खा की माझी बाय," विशाल म्हणाला. तिनं मान फिरवली. परत लावली, तर फुर्र करून त्याच्या मिशीवर उडवली. मग भोकाड! दोनदा झालं, तीनदा झालं. विशालचा चेहरा एवढासा झाला. "मला वळखत न्हाई ना ती," तो हळूच म्हणाला. ऋतुजा पदर तोंडाला लावून उभी.

मी बाजूला खुर्चीवर बसलो होतो. पंगतीला वेळ म्हणून माझं दूध आणि टोस्ट तेवढे हातात होते. मी उठून उभा राहिलो आणि टोस्ट उंचावून म्हणालो, "घाबरायचं कारण नाही! पहिल्यांदाच खातेय ती. तिला अन्न म्हणजे काय हेच माहीत नाही!"

रडणं बंद.

टोस्ट डावीकडे गेला, ओवीची मान डावीकडे. उजवीकडे, मान उजवीकडे. तोंड हे एवढं उघडलेलं! विशालनं माझं मनगट धरलं आणि सावकाश खाली आणलं. ओवीनं दोन्ही हातांनी माझा अंगठा पकडला, टोस्ट तिरका केला आणि ओला कोपरा बरोबर तोंडात घेतला. चुरा झबल्यावर पडला. पहिल्यांदा खाणाऱ्याची ही सफाई नव्हे!

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"ते... विरघळतात," मी म्हणालो.

"हो का?" ही म्हणाली. पंधरा दिवसांत माझ्याशी बोललेला पहिला शब्द!

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ऋतुजाकडे वळलो. "बेटा, चुकलो गं. तुझ्या दादाचा मान..." तेवढ्यात विशालनं टोस्टचा उरलेला तुकडा माझ्या हातातून घेतला, खिरीत बुडवला आणि ओवीला दिला. तिनं मिटक्या मारत खाल्ला!

"खिरीचा पहिला घास माझाच झाला ना, काका? मग बास की!" तो एवढ्या मोठ्यानं हसला, की ऋतुजाही रडता रडता हसायला लागली. तिनं मला वाकून नमस्कार केला. मला वाटलं, सुटलो.

सुटलो कसला! पंगत बसली. बासुंदी, पुऱ्या, मसालेभात, अळूची भाजी. मी माझ्या जागेवर जाऊन बसलो, तर समोर पान नाही. मंदारनं फ्रिजवरचा कागद काढून आणला आणि माझ्याच शाळेतल्या आवाजात वाचला.

"अहो, पण मी घरातला मोठा माणूस!" मी म्हणालो.

"नातेसंबंध सांगू नयेत," हिनं बासुंदी वाढता वाढता शेवटची ओळ म्हणून दाखवली.

शेवटी तिलाच दया आली असावी. माझ्यासमोर एक कप दूध आणि एक टोस्ट आणून ठेवला, आणि वाढायला हात मोकळे हवेत म्हणून ओवीला माझ्या मांडीवर दिलं.

आणि खोटं कशाला बोलू, त्यातलाही अर्धा विरघळला.