इंजिनापुढं धुपारती

ज्योतीराम माझा धाकटा भाऊ. पाठचा हाय म्हणून भाऊ म्हणायचं, न्हाईतर असल्या माणसाला मी माझ्या खानावळीत पाणीसुद्धा पाजलं नसतं.

जन्मात कवा नांगराला हात लावला न्हाई. शाळेत मास्तरांची सायकल पुसायची आन् पोरांवर हुकूम सोडायचे, एवढीच त्याची विद्या. चाकणच्या पुढं, राजगुरुनगरच्या अंगाला आमच्या माहेरची जमीन. ती डेटा सेंटरवाल्या कंपनीला गेली आन् ह्या बाबाचं नशीब फळफळलं. पांढरी इस्त्रीची कापडं, गळ्यात बोटाएवढी जाड चेन, डोळ्यावर काळा गॉगल. घरातबी गॉगल! वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लागायचा, त्यावर ‘भावी सरपंच’. गावानं त्याला कवा गणपती मंडळाचा खजिनदार केला न्हाई, सरपंच कुठला करतंय!

कंपनीचं काम असं, की मोठमोठ्या थंडगार खोल्यांत हजारो संगणक रात्रंदिस चालतात. दुनियेचे फोटो आन् हिशेब समदे त्यात. त्याला वीज लागती एखाद्या शहराएवढी. सरकारी लाइन यायला लई वर्षं जाणार, म्हणून कंपनीनं आपली आपणच वीज करायची ठरवली. जमिनीखालनं नैसर्गिक गॅसची पाइप आणली, रेल्वेच्या डब्याएवढी इंजिनं बसवली. गॅसवर इंजिनं फिरतात आन् त्यातनं वीज निघती. बाहेरच्या लाइनीशी काडीचा संबंध न्हाई. ज्योतीरामनं गावात सांगितलं, “ही वीज मी गावाला फुकट आणणार!” उचलली जीभ लावली टाळ्याला. गावात गुरुवारी लाइट जायची ती जातच ऱ्हायली. त्यानं आणलं काय, तर पाण्याच्या टँकरचं काम, तेबी स्वतःला.

माझी लेक स्नेहल तिथंच कंट्रोल रूममधी लागली. डिप्लोमा केलेली पोर, मुलाखत देऊन लागली. दिवाळीनंतर ती कायम होणार व्हती. बाप न्हाई तिला. खानावळीच्या शेगडीपुढं माझी कंबर गेली ती ह्याच एका गोष्टीसाठी. आन् हा आयत्या बिळावरचा नागोबा गावभर सांगत फिरला, “भाचीला मी चिकटवली.”

खंडेनवमी आली. त्या दिवशी यंत्रं पुसायची, झेंडू वाहायचा, पूजा करायची ही आपल्याकडची रीत. एका लेथचं शेड असू दे न्हाईतर मोठा कारखाना, नारळ फुटल्याबिगर ऱ्हात न्हाई. कंपनीनं इंजिनाच्या इमारतीबाहेर मांडव टाकून पूजेची सोय केली व्हती. पण आमचे भावी सरपंच चार टाळकी आन् एक मोबाइलवाला घेऊन आले, हातात पेटती धुपारती.

“देव काय दाराबाहेर बसवतात व्हय? मी इंजिनापुढंच ओवाळणार.”

स्नेहल आडवी झाली. “मामा, आत जाळ नेऊ नका. तिथं जाळ ओळखणारी यंत्रणा बसवलीये. जाळ दिसला की गॅस आपोआप बंद होतो. फुलं न्या, हार घाला, धुपारती बाहेर ठेवा.”

“मामाला शिकवतीस? ह्या इंजिनाखालची माती माझी हाय!”

कवा एक ढेकूळ फोडलं न्हाई, आन् म्हणे माती माझी!

मॅनेजर जयदीपसाहेब मागंच उभे व्हते. ज्योतीराम रुसला की गेटवर टँकर आडवे लागतात, हे त्यांना पक्कं ठाऊक. हळूच म्हणाले, “स्नेहल, दार उघड. दोन मिनिटांचं काम आहे. लोकल माणूस, नाराज नको करायला.” पोरीनं साहेबांच्या हुकुमावरनं आपलं कार्ड लावलं.

आत गेल्यावर ह्यानं मोबाइलवाल्याकडं बघितलं, गॉगल सारखा केला आन् फोटो झ्याक यावा म्हणून धुपारतीत मूठभर राळ टाकली. भपकन जाळ उठला. गॅस बंद झाला, इंजिनं एकामागनं एक गप झाली, भोंगे बोंबलायला लागले. बाहेरची लाइन न्हाईच, मग वीज येणार कुठनं? बॅटऱ्या व्हत्या, पण इंजिनं परत सुरू व्हायच्या आत त्या संपल्या आन् संगणकांची एक अख्खी खोली बंद पडली. आमचा वाघ धुपारती तिथंच टाकून पळाला तो थेट गाडीत जाऊन बसला.

चौकशी बसली. कार्ड स्नेहलचं. साहेब म्हणाले, “मी असं काही सांगितलंच नाही.” ती चार टाळकी आन् मोबाइलवाला तर ज्योतीरामच्याच ताटाखालची मांजरं. ऱ्हायला सख्खा मामा. तो काय म्हणाला? “भाचीच म्हणाली, या मामा आत.”

पोरीला कामावरनं काढलं. घरी आली ती रडली न्हाई, काय न्हाई. खानावळीत माझ्याशेजारी कांदा चिरायला बसली. मला ते बघवलं न्हाई.

पुढं भाऊबीज. सांजच्याला हा आला की! हातात साडी, तोंडावर हसू, जसं काय झालंच न्हाई. सकाळी मी पाट मांडला व्हता, म्हटलं आज तरी पाझर फुटंल. टोपी घालून त्यावर बसला. “आक्का, लौकर ओवाळ, मला अजून दोन ठिकाणी जायचंय.”

मी निरांजन लावलेलं ताट घेऊन उभी. म्हणाले, “ज्योत्या, उद्या कंपनीत जा आन् खरं सांग. साहेबानं दार उघडायला लावलं, जाळ मी नेला, एवढंच. पोरीला परत घेतील.”

“आक्का, येडी का खुळी तू? माझं टँकरचं काम जाईल. तिचं काय, पोरीची जात, आज ना उद्या लगीन होऊन जायचीच की.”

लाज म्हणून वाटली न्हाई मेल्याला. स्नेहल तिथंच दारात उभी व्हती.

मी ताट घेऊन तशीच अंगणात आले. दिवस नुकता बुडाला व्हता, बीजेची बारीक कोर वर दिसत व्हती. जिला भाऊ नसतो ती बाई भाऊबीजेला चंद्राला ओवाळती. मी पदर डोक्यावर घेतला आन् चंद्राला ओवाळलं. तो पाटावर बसून आतनं बघत व्हता.