एकशे बारा नंबरचं शेवाळ

मोहन गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात जेवायला बसलो होतो. त्याचा धाकटा भाऊ एवढंच म्हणाला, "दादा गेला रे... डायलिसिसला न्यायचं म्हनून सकाळी उठवला, तर उठलाच नाय." डबा तसाच बंद केला. पिशवीत त्याच्यासाठी तयार केलेली सीडी होती. संध्याकाळी ती घेऊन जायचं, दोघांनी बसून बघायचं, असं ठरलं होतं. मी जूचंद्रला गेलो, त्याला खांदा दिला आणि सीडी पिशवीतच घेऊन विरारला परतलो. त्याला आता सहा आठवडे झाले.

आमची ओळख नव्वदीच्या शेवटी, विरारमधल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये झाली. मी मनवेलपाड्यात राहणारा, नोकरदाराचा मुलगा. तो जूचंद्रचा, घरची थोडी भातशेती, वडील मिठागरावर कामाला. रांगोळी काढणारे त्या गावात घरोघर आहेत, पण मोहनचा हात त्यांतही वेगळा. त्याने जमिनीवर काढलेल्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आहे की काय, म्हणून लोक वाकून बघायचे. क्लासमध्ये एका मशीनवर गाव वसवायचा परदेशी खेळ होता. रस्ते आखायचे, घरं बांधायची, विहिरी खोदायच्या. आठवडाभर खेळल्यावर मोहन मला म्हणाला, "मस्त हाय, पन ही घरं आपली नाय वाटत. बदलता येतील का?" मला थोडंफार प्रोग्रामिंग येत होतं. खेळातली मूळ चित्रं काढून तिथे आपली बसवायची, याला जगात मॉड म्हणतात हे आम्हाला नंतर कळलं. तोवर मोहनने निम्मं गाव बांधून काढलं होतं. सुट्टीच्या दिवशी तो वही घेऊन एकेका घरासमोर बसायचा. पडवी कुठून खचलीय, कौलं कुठली नवी घातलीत, सगळं टिपायचा. मग माऊस धरून ठिपक्याला ठिपका लावत बसायचा. दोन वर्षांनी पडद्यावर मिठागरांचे चौकोन आले, डोंगरावरचं देऊळ आलं, आणि विरारच्या सायबर कॅफेत पोरं जूचंद्र वसवू लागली. मोहन मागे उभा राहून बघायचा. आपण कोण, ते सांगायचा नाही.

पुढे तो वसईत एका छापखान्यात डीटीपीला लागला, मी मुंबईत नोकरी धरली. त्याचं लग्न झालं. सुजातावहिनी त्याला हसायच्या, "गाव दाराबाहेर हाय, आनि हे कॉम्प्युटरमध्ये बघतात!" तेव्हा गाव खरंच दाराबाहेर होतं... मग मिठागरांवर भराव पडू लागला, कौलारू घरं एकेक करून उतरवली गेली. मोहनचं घरही बिल्डरला दिलं आणि त्याच जागेवरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्याला दोन खोल्या मिळाल्या. त्याच सुमारास त्याच्या किडन्यांचं निघालं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. जमिनीवर बसणं बंद झालं, म्हणजे रांगोळी बंद झाली.

त्या जुन्या खेळाची नवी, रिमास्टर्ड आवृत्ती आल्याचं मीच त्याला सांगितलं. खेळ तोच, पण चित्रं मोठी, रेखीव, पाणी हलणारं. जुनी आवृत्ती त्याच्या नव्या मशीनवर चालतच नव्हती, म्हणून आम्ही आमचा जुना मॉड नव्या खेळात घातला. दोनदा खेळ बंद पडला. तिसऱ्यांदा उघडला तेव्हा मीठ गुलाबी होतं, कौलं हिरवी, देऊळ काळं ठिक्कर. मोहन आधी हसला. मग खुर्चीत मागे टेकला.

तीन-चार रविवार खटपट करून मी कंटाळलो. म्हटलं, "अरे, नवीन काढ ना सगळं! तुझ्या हाताला काय अवघड आहे? जुनं कशाला धरून बसलायस?"

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "घरं पाडली रे. आता काय बघून काढू?"

मला वर बघवेना. त्याची वहीसुद्धा घर हलवताना कुठेतरी हरवली होती, हे तेव्हा कळलं.

त्यानंतर मी हट्टाला पेटलो. घोटाळा रंगांचा होता. जुन्या खेळातल्या चित्रात रंग नसायचे, रंगांचे नंबर असायचे, आणि नव्या आवृत्तीने नंबरांची यादीच बदलली होती. जुनी यादी आमच्याकडे उरली नव्हती. मी मोहनला तसं सांगितलं, तर म्हणाला, "लिहून घे." कॉटवर पडल्या पडल्या, डोळे मिटून तो सांगू लागला. "अठ्ठेचाळीस, सारवलेलं अंगन. एकोनपन्नास, तेच, पन ओलं. एकशे बारा, कौलावरचं शेवाळ." दोन रविवार हे चाललं. मध्येच दमायचा, पाणी मोजून प्यायचं असल्यामुळे जीभ नुसती ओली करायचा, आणि पुन्हा नंबर. एका घराशी आला आणि थांबला. "हा निळा आयच्या लुगड्याचा. दोरीवर वाळत घातलंय." मी नंबरापुढे तेवढंच लिहिलं.

ती यादी घालून मी गाव दुरुस्त केलं. मीठ पांढरं झालं. ते त्याने बघितलं नाही, ही बोच आता माझ्याबरोबर राहणार.

तेराव्यानंतर वहिनींचा फोन आला. "भावोजी, ते गाव मला दाखवाल का?" रविवारी ती सीडी घेऊन गेलो. मोहनच्या खुर्चीत त्या अवघडून बसल्या. पडद्यावर गाव उघडलं तेव्हा बोटाने स्वतःच्या जुन्या घरापर्यंत गेल्या. पुढच्या रविवारी शेजारच्या जनाकाकी आल्या, मग आणखी दोघी. आता दर रविवारी त्या खोलीत बायका जमतात आणि आपापलं दार शोधतात.

गेल्या खेपेला जनाकाकींनी पडद्याला नाक लावलं आणि म्हणाल्या, "विहीर हिकडं नव्हती. चिंचेच्या पलीकडं होती. चुकला पोर."

चूक एका मिनिटात सुधारण्यासारखी होती. मी माऊसला हात घातला.

"नको भावोजी," वहिनी म्हणाल्या. "ह्यांनी ठेवलीय तिथं. ऱ्हाऊ दे."

काकी पुन्हा पडद्याकडे वाकल्या. मग हळूच विचारलं, "पानी तरी हाय ना तिच्यात?"

"हाय," वहिनी म्हणाल्या.