निळा दिवा लागला की बॅटरी उतरते

भुतंखेतं मी मानत नाही. आधीही मानली नाहीत, आताही नाही. देवालासुद्धा माझा नमस्कार सणापुरता. सगळं आयुष्य नामपल्लीला लॉऱ्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करण्यात गेलं. प्लेटा बदलायच्या, पाणी भरायचं, चार्जिंगला लावायच्या. शाळा चौथीपर्यंत. पण बॅटरी का उतरते हे मला कुण्या इंजिनियरनं शिकवावं लागलं नाही. म्हणून तर हे लिहायला बसलो... एका बॅटरीचं कारण मला अजून सापडलेलं नाही.

जामबागेत आमचं घर आहे, दुसऱ्या मजल्यावर. दारापुढं लांब गॅलरी, तिथंच माझी खुर्ची. बायको गेली. तिच्या वर्षश्राद्धाला मुलगा प्रशांत कॅनडाहून आला आणि जाताना दारावर बिनवायरचा कॅमेरा लावून गेला. साबणाच्या वडीएवढा.

"बाबा, तुम्ही एकटे. पडलात-बिडलात तर मला तिथं दिसेल."

"मी कशाला पडतोय?"

"बरं, नाही पडणार. पण राहू द्या. एकदा चार्ज केला की महिनोनमहिने हात लावायला नको."

आठवड्यात बंद पडला. फोन केला तर हसून म्हणतो, "सेटिंग बघा की. तुम्ही तर बॅटरीवाले!"

लागलं ते मला. माझ्याही फोनात त्या कॅमेऱ्याचं ॲप होतं, हट्टानं एकेक गोष्ट शिकलो. कॅमेरा उन्हात होता, सावलीत घेतला. उष्णतेनं बॅटरी मरते, हे काय मला सांगायचं? समोरच्या दोरीवरचं धुणं हललं तरी तो रेकॉर्डिंग करायचा, तेवढा भाग वगळला. सेन्सिटिव्हिटी कमी केली. रेकॉर्डिंग आखूड केलं. सिग्नल कमी असला की बॅटरी जास्त खाते, म्हणून नेटचा डबा खिडकीत आणून ठेवला. तरी तेच. आठवडा झाला की डोळे मिटले!

शेवटी कोठीच्या बाजारात ख्वाजाभाईंच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात नेला. त्यांनी उलटापालटा करून बघितला.

"चचा, बैटरी अच्छी, सेटिंग भी अच्छी. कोई इसकू दिन भर लाइव देखरा. कां से टिकती बैटरी?"

कुणी फोनवरून थेट बघत असलं की कॅमेऱ्याचा निळा दिवा लागतो म्हणे.

"मैं तो नै देखता," मी म्हटलं.

"तो बेटा देखता हुंगा. नसीबवाले हो चचा. मेरे बच्चे फोन भी नै उठाते."

घरी येऊन लक्ष ठेवलं. खरंच. सकाळी चहा घेऊन खुर्चीत बसलो की निळा दिवा. दुपारी पेपर उघडला की निळा दिवा. उठून आत गेलो की बंद.

खोटं कशाला सांगू, छाती फुगली. रोज दाढी करायला लागलो. इस्त्रीचा शर्ट. जेवणाचं ताट गॅलरीत आणायचं, म्हणजे पोराला दिसावं की बाप नीट जेवतो. त्या कॅमेऱ्यातून बोलताही येतं, पण मी बोललो नाही. तो बोलत नाही तर मी का बोलू? बघतोय ना, बस झालं. बॅटरी टिकवायचा नाद सोडला. उतरली की उलट बरं वाटायचं — या आठवड्यात जास्त बघितलं वाटतं! शेजारच्या सरोजक्कांना येता-जाता सांगायचो, "माझं पोरगं कॅनडात बसून दिवसभर माझ्याकडं बघतं."

मग एका सकाळी गॅलरीत पाणी सांडलेलं होतं, पाय सरकला आणि कमरेवर आदळलो. उठता येईना. मान वळवून बघितलं तर निळा दिवा लागलेला. फोन खिशातच होता, पण मी लावला नाही. बघतोय ना, करेल की फोन... दिवा लागलेलाच. फोन काही वाजला नाही. ऊन पायांवर आलं, मग सरोजक्का भाजी घेऊन वर आल्या.

"अय्यो अंकल! आवाज तो देना था!"

त्यांनी आणि खालच्या वॉचमननं मिळून उचलून आत नेलं. संध्याकाळी मीच प्रशांतला फोन लावला.

"काय रे, बाप पडलेला बघत बसलास?"

"पडलात? कधी? लागलं का?"

"दिवा लागलेला होता. खोटं बोलू नको."

"कसला दिवा? बाबा... ते ॲप मी केव्हाच काढलं. फोनमध्ये जागा नव्हती."

पुढं तो बरंच बोलला. डॉक्टर, एक्स-रे. मला काही ऐकू आलं नाही.

चालायला लागल्यावर ख्वाजाभाईंना घरी बोलावलं. कॅमेऱ्याला फक्त माझाच फोन जोडलेला निघाला. त्यांनी तोही काढला, सगळं पुसून नवा पासवर्ड टाकला. वर नेटच्या डब्याची पिनच उपटून ठेवली. मग मला म्हणाले, बैठो. मी खुर्चीत बसलो. निळा दिवा लागला.

"नेट नै, फोन नै... फिर कौन देखरा चचा?"

शेजारून सरोजक्कांना बोलावून खुर्चीत बसवलं, दिवा विझला. मी बसलो, लागला. ख्वाजाभाई चहाला थांबले नाहीत.

सरोजक्का हळूच म्हणाल्या, "आंटी होंगे."

मी म्हटलं, तिला जिवंतपणी माझ्याकडं बघायला फुरसत नव्हती, आता कुठून मिळेल?

परवा प्रशांतचा फोन आला. "बॅटरी टिकते ना आता?"

"टिकते. फस्ट क्लास."

"बघा! मी म्हटलं नव्हतं, सेटिंगचंच काम असतं?"

हौ म्हटलं आणि फोन ठेवला. तेव्हाही दिवा लागलेलाच होता.

कॅमेरा काढलेला नाही. उतरला की चार्ज करतो. त्यातून कोण बघतंय ते आजवर मला कळलेलं नाही, आणि पडलेल्या माणसाकडं तसंच बघत राहणारं ते काय असेल, याचा मी फार विचारही करत नाही. वाचणाऱ्यांत कुणाला यातलं कळत असेल तर जरूर लिहा. फक्त "तुमचा मुलगाच असेल" एवढं कुणी लिहू नका.